घळीतला फोटो आणि आईंचं मेतकूट

बबनने मेतकूट खाल्लं नव्हतं.

एवढं एक वाक्य लिहायला मला चौदा वर्षं लागली. मधल्या काळात मी नोकरीतून निवृत्त झालो, बहारीनमधल्या गुदैबियातली जागा सोडून लेकीकडे जुफैरला नवव्या मजल्यावर राहायला आलो, दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून घेतले. पण हे वाक्य काही तोंडातून निघेना. नातेवाइकांत तो विषय निघाला की मी पाणी प्यायला उठायचो. (माझ्या भरपूर पाणी पिण्याचं घरात फार कौतुक आहे. डॉक्टरांनाही आवर्जून सांगतात.) आता बहात्तरावं लागलं आहे. ज्यांनी हे वाचू नये असं मला इतकी वर्षं वाटत होतं, त्यांनी आता वाचलं तरी चालेल. खरं तर वाचावंच.

बबन हा माझा मेहुणा. बायकोचा, म्हणजे सुनंदाचा, सगळ्यात धाकटा भाऊ. तेव्हा तेहतीस वर्षांचा होता, बहारीनमध्ये एका कंपनीची मिनीबस चालवायचा आणि गुदैबियातच आमच्या मागच्या गल्लीत चौघांच्या खोलीत राहायचा. स्वभावाने देवमाणूस. पण जेवायला बसला की त्याच्यातला देव उठून जायचा आणि नुसता माणूस उरायचा. लहानपणी त्याने एकदा माळ्यावर चढून मेतकुटाचा अख्खा डबा सुकाच संपवला होता. ही गोष्ट सासूबाई प्रत्येक पाहुण्याला सांगत, आणि बबन प्रत्येक वेळी लाजून अजून एक पोळी घेई.

त्या वर्षी मार्चमध्ये सासूबाई, म्हणजे आमच्या आई, देवरुखहून व्हिजिट व्हिसावर आल्या. सांगायचं कारण लेकीची भेट. खरं कारण बबनचं लग्न. मुलगी सुनंदानेच शोधली होती. शोभा. मूळची कुडाळची, इथे सलमानियाच्या मोठ्या इस्पितळात नर्स. अडचणी दोन होत्या. शोभा नुकतीच काविळीतून उठली होती, तिला तेल-तिखट बंद होतं. आणि शोभाने बबनचा जो एकमेव फोटो पाहिला होता, तो त्याच्या रेसिडेन्स कार्डावरचा. (त्या फोटोत बबनला कुणीतरी चौकशीसाठी बसवलंय असं वाटतं.) तिने निरोप पाठवला होता, "शुक्रवारी चार वाजता या. भेटते, मग सांगते. जमलं तर दुसरा फोटो आणा."

पहिल्या अडचणीवरचा उपाय आईंनी गावाहून आणला होता. मोठा स्टीलचा डबा, झाकणावर फडकं बांधलेलं. आत मेतकूट. मिरचीचा कणही न घालता, खास शोभासाठी केलेलं. धान्यं मंद आचेवर भाजलेली, घरच्या जात्यावर दळलेली आणि वर वस्त्रगाळ केलेली. "मऊ भात, चमचाभर तूप आणि हे," आई म्हणाल्या, "महिन्यात पोर उभी राहील. मी माझ्या हाताने देणार तिला."

दुसऱ्या अडचणीवरचा उपाय मी होतो.

मी एअर कंडिशनिंगच्या कामावर सुपरवायझर. तीस वर्षं लोकांच्या छतांतल्या थंड हवेच्या डक्टमध्ये डोकं घालून काढलेली. अठ्ठावन्नाव्या वर्षी मी एक मोठा कॅमेरा घेतला आणि वाळवंटातल्या चिंचोळ्या घळींचे फोटो काढायच्या नादाला लागलो. अशा घळी जगात जिथे आहेत तिथे मी कधी गेलेलो नाही, पण त्यांचे फोटो कसे काढावेत याबद्दल इंटरनेटवर जे म्हणून होतं ते सगळं वहीत उतरवून घेतलं होतं. भर दुपारी जा, कारण उजेड तेव्हाच सरळ खाली उतरतो. ट्रायपॉड हवाच, कारण आत अंधार असतो आणि हात हलतो. फ्लॅश बंद ठेवा, नाहीतर दगडाचे रंग मरतात. आत लेन्स बदलू नका, धूळ शिरते. आकाश फोटोत घेऊ नका, ते पांढरंफट्ट येतं. भिंतींची उंची कळावी म्हणून एखादं माणूस उभं करा. पाऊस कुठे लांबवर पडत असला तरी घळीत पाणी येतं, म्हणून आधी हवामान बघा. (ही सूचना मी बहारीनपुरती सोडून दिली.) आणि शेवटची सूचना: उजेडाचा झोत नीट दिसायला हवा असेल, तर त्यात मूठभर बारीक धूळ उडवा.

आता बहारीन म्हणजे पोळपाट. इथला सगळ्यात उंच डोंगर जबल दुखान. आमच्या देवरुखात असता तर त्याला कुणी नाव ठेवायची तसदी घेतली नसती. पण त्याच्या पायथ्याच्या कड्यांत मला एक चीर सापडली होती. तीसेक पावलं लांब, दोन पुरुष उंच. रुंदी अशी की आत शिरताना श्वास सोडावा लागे, आणि आत गेल्यावर तो परत घ्यायची सोय नव्हती. तिथे, वरून उतरणाऱ्या उजेडात, बबन. असा फोटो की शोभाने रेसिडेन्स कार्ड विसरून जावं! बेत ठरला. शुक्रवारी दुपारी फोटो, तिथूनच परस्पर सलमानिया. म्हणून मेतकुटाचा डबाही गाडीत.

बबनने मित्राची गाडी आणली, नवा पांढरा शर्ट घातला. "यल्ला, भावोजी," म्हणाला आणि आम्ही निघालो. सखीरच्या वाळवंटात लोकांनी थंडीपुरते ठोकलेले तंबू अजून उठले नव्हते. आई बराच वेळ खिडकीतून बघत होत्या.

"जावईबापू, झाडं कुठायत?"

"एक आहे, आई. पुढे."

"एकच?"

"एकच. लोक लांबून बघायला येतात."

आईंनी विचार केला. "बरंय. पाला झाडायला तरी माणूस लागत नसेल."

घळीपाशी पोहोचल्यावर सुनंदाने कमरेवर हात ठेवून ती खालपासून वरपर्यंत पाहिली. याला फार वेळ लागला नाही. "ही तुमची दरी? आमच्या परसातली पाणंद याच्यापेक्षा खोल आहे." मग दोघी मायलेकींनी शंभर पावलांवर गाडीच्या सावलीत चटई टाकली आणि थर्मास उघडला. आईंनी डबा मागच्या सीटवर साडीच्या पदरासारखा नीट सारखा करून ठेवला. मी बबनला उभ्यानेच आडवा करून घळीत सरकवला, ट्रायपॉड लावला आणि स्वतः कसाबसा ट्रायपॉडच्या मागे बसलो.

"भावोजी, हसू का?"

"नको. तोंड वर कर आणि डोळे मीट."

"डोळे मिटून? ती म्हणेल झोपलाय."

"विचारी दिसतं."

"पण मी विचारी नाहीये."

"म्हणूनच फोटो काढतोय ना?"

बरोबर बारा वाजता उजेड खाली उतरला. बबनच्या कपाळावर पडला. पण झोत काही दिसेना, नुसतं कपाळ चकाकत होतं. तेव्हा शेवटची सूचना. मी खालची वाळू मूठभर घेऊन उडवली. ती लापशीच्या रव्याएवढी जाड. हवेत क्षणभर न थांबता सरळ बबनच्या कॉलरमध्ये.

"भावोजी, वाळू आत गेली."

"कुठपर्यंत?"

"आता सांगण्यासारख्या जागी नाहीये."

आणखी दोन मुठी उडवल्यावर माझी खात्री पटली की ही वाळू कामाची नाही. "डोळे उघडू नकोस, आलोच," असं सांगून मी काहीतरी बारीक शोधायला गाडीपाशी आलो. मायलेकी पलीकडच्या बाजूला पाठमोऱ्या बसून शोभाच्या आत्याबद्दल बोलत होत्या. सीटवर डबा होता. आणि डब्यात काय होतं? वस्त्रगाळ!

मी चमचाभरच घेणार होतो, हे मी शपथेवर सांगतो. पण चमचाभर घ्यायला चमचा लागतो. चमचा मागायचा तर तो कशाला हवा ते सांगावं लागतं. म्हणून मी डबाच उचलला.

पहिली मूठ उडवली. घळीच्या वरच्या फटीपासून बबनच्या कपाळापर्यंत सोन्याचा खांब उभा राहिला होता! फिकट पिवळा, हळूहळू फिरणारा. इतका वेळ मी बघत राहिलो की बटण दाबायचं राहून गेलं. दुसरी मूठ. या वेळी दहा सेकंदांचा टायमर लावला, पण मेतकूट चार सेकंदांत खाली बसलं. तिसऱ्या वेळी बटण आधी दाबलं आणि मूठ मागाहून उडवली. चौथ्या वेळी बबन हलला.

"भावोजी, वास कसला येतोय?"

"दगडाचा."

"हिंगाचा येतोय."

"जुना दगड आहे. डोळे मीट."

आणखी एक मूठ. मग घळीतून अगदी बारीक आवाज आला. "भावोजी, मला भूक लागलीय."

किती मुठी झाल्या ते आता आठवत नाही. माणूस एकदा कलेत शिरला की डब्याचा तळ कधी लागला ते त्याला कळत नाही. शेवटी उरलंसुरलं एकदम उडवावं म्हणून मी डबाच झटकला आणि नेमका त्याच क्षणी वारा आत शिरला. अरुंद जागेत वारा किती जोरात वाहतो, हे तीस वर्षं डक्टचं काम केलेल्या माणसाने विसरावं! सगळा सोन्याचा खांब आडवा झाला आणि बबनच्या अंगावर कोसळला. बबन तेव्हा काहीतरी बोलायला तोंड उघडत होता. मिरची नसली तरी सुंठ होती, मोहरी होती, हिंग होता. त्याने अशी शिंक दिली की पलीकडच्या तंबूतला एक म्हातारा बहारीनी पाण्याची बाटली घेऊन धावत आला. मी बाजूला सरकायला गेलो, तर पोट एका भिंतीत आणि ट्रायपॉड दुसऱ्या भिंतीत अडकला. बबन चाचपडत माझ्यावरून बाहेर निघाला. निघताना त्याचा पाय रिकाम्या डब्याला लागला. अन्नाच्या भांड्याला पाय लागला म्हणून त्या गुणी माणसाने डोळे मिटलेल्या अवस्थेतही तो उचलला, कपाळाला लावला आणि हातात घेऊन तसाच बाहेर गेला.

आता आईंच्या जागी उभे राहून पाहा. समोरून पोटचा पोरगा येतोय. मिशीपासून शर्टाच्या तिसऱ्या बटणापर्यंत मेतकूट. तोंडात मेतकूट. हातात रिकामा डबा.

"बबन," आई म्हणाल्या. "सगळं?"

बबनला पुन्हा शिंक आली. शिंकताना माणसाची मान खाली जाते. आईंना ती कबुली वाटली.

मी श्वास पूर्ण सोडून, कातडं सोलून घेत एकदाचा बाहेर आलो आणि धावत जाऊन म्हणालो, "आई, ते मेतकूट—"

"तुम्ही मध्ये पडू नका," सुनंदा कडाडली. "कायम त्याला पाठीशी घालता. लाडावून ठेवलाय तुम्हीच."

"अगं, पण—"

"एक शब्द बोलू नका. आणि तो कॅमेरा पुसा. खाताना मेल्याने त्याच्यावरपण सांडलंय."

तीस वर्षांच्या संसारात मी बायकोचं जितकं तत्परतेने ऐकलं नव्हतं, तितकं त्या क्षणी ऐकलं.

आई चटईवर बसल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. फडकं मांडीवर घेऊन त्या नुसतंच म्हणाल्या, "आजाऱ्याच्या तोंडचं खाल्लंस रे."

बबन गाडीमागे त्या म्हाताऱ्याच्या बाटलीतल्या पाण्याने चेहरा धूत होता. मी गेलो. त्याने एक डोळा उघडून विचारलं, "तुम्ही होतात?"

"हो रे. आत्ता जाऊन सांगतो आईंना."

"नको, भावोजी."

"का?"

"आई रोज देवाला दिवा लावताना तुमचं नाव घेते. जावई असावा तर असा, म्हणते. तिच्यासमोर तुमचं नाव खाली गेलं की ताईचं खाली जाईल. मला काय, रोजचंच आहे. त्यात एक डबा." आणि नाक शिंकरून म्हणाला, "खलास. जाऊ द्या."

मग मी मोठ्या मनाने त्याचं ऐकलं.

चार वाजता आम्ही शोभाच्या खोलीवर होतो. बबनने तोंड धुतलं होतं, पण हळद कधी धुऊन गेलीय? कान, मान आणि भुवया पिवळ्याधमक. शोभाने दार उघडलं, त्याच्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "कावीळ मला झाली होती ना?"

कुणी हसलं नाही. चहा आला. आईंना रिकाम्या हाताने बसवेना. त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि सगळं सांगून टाकलं: काय आणलं होतं, कुणासाठी आणलं होतं आणि ते कुणी खाल्लं. शोभाने कप खाली ठेवला.

"खरं का हो?" तिने बबनला विचारलं.

बबनने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी लेन्स पुसत होतो. इतकी स्वच्छ लेन्स मी आयुष्यात पुसलेली नाही.

"हो," बबन म्हणाला.

"सगळं?"

"सगळं."

"सुकंच?"

"पाणी गाडीत होतं."

"पंधरा दिवसांनी कळवते," शोभा म्हणाली.

फोटोचं कुणी नावही काढलं नाही. रात्री मी एकट्याने ते पाहिले. बहुतेकांत पिवळं धुकं आणि त्यातून डोकावणारं बबनचं नाक. एक मात्र असा आला होता की मी आयुष्यात तसा दुसरा काढू शकणार नाही. सोन्याचा खांब, खडबडीत भिंती आणि वर तोंड करून डोळे मिटलेला बबन, एखाद्या तपस्व्यासारखा. तो फोटो आजपर्यंत कुणालाही दाखवलेला नाही. कारण त्यात उजव्या बाजूने मूठ उघडणारा एक हात आलाय, आणि त्या हातात सासऱ्यांनी लग्नात घातलेली अंगठी आहे. हात कापावा तर बबनचा अर्धा चेहरा जातो.

ते पंधरा दिवस बबन आमच्याकडे जेवायला येई आणि दोन पोळ्यांवर उठे. आई त्याला तिसरी घे म्हणत नव्हत्या. मी फोनवर शोभासाठी मेसेज लिहायचो, "सदर मेतकूट मी उडवले", आणि पुसायचो. असं सहा-सात वेळा झालं. सोळाव्या दिवशी शोभाचा होकार आला. मला इतकं सुटल्यासारखं वाटलं की मी दोन ग्लास पाणी प्यायलो.

तुम्ही म्हणाल, मग झालं की! काहीही झालं नाही. लग्नात बबनला उखाण्यात मेतकूट घालायला लावलं. बारशाला कुणीतरी आहेर म्हणून मेतकुटाची पुडी दिली. कुणाच्याही घरी तो गेला की बाई हसत हसत डबा वरच्या फळीवर ठेवायची, आणि सगळ्यांत जोरात बबनच हसायचा. चार वर्षांपूर्वी आई अंथरुणाला खिळल्या. बबन तेव्हा इथली नोकरी सोडून देवरुखला परतला होता, तो रोज त्यांना मऊ भात भरवायचा. आम्ही भेटायला गेलो, तेव्हा एक घास गिळून आई सुनंदाला हळूच म्हणाल्या, "मेतकुटाचा डबा झाकून ठेव हो. बबन घरात आहे." बबन हसला. मी दोन हात अंतरावरच उभा होतो. त्या वेळी बोलायला हवं होतं. मी पाणी प्यायला गेलो.

गेल्या वर्षी मात्र ठरवूनच निघालो. सुनंदाला लेकीकडे ठेवलं आणि बहारीनहून मुंबई, मुंबईहून कुडाळ असा एकटा गेलो. बबन आता तिथे, शोभाच्या गावी, शाळेच्या मुलांची गाडी चालवतो. शोभाने पोहे केले. मी बशी बाजूला ठेवली, घसा साफ केला, म्हटलं, "मला त्या मेतकुटाबद्दल बोलायचंय."

"अहो, त्या मेतकुटानेच तर आमचं लग्न जमवलं," शोभा म्हणाली. "मला तेव्हा तीन स्थळं आली होती, दादा. एकाने वय चोरलं. एकाने आधीचं मोडलेलं लग्न लपवलं. हा एकटाच पिवळे कान घेऊन समोर बसला आणि हो म्हणाला. मी पंधरा दिवस विचार केला. म्हटलं, खाणारा माणूस चालेल, खोटं बोलणारा नको."

बबन चहाच्या कपात बघत होता. आता या बाईला मी काय सांगणार? की तुझा नवरा तुझ्याशी पहिलं वाक्य बोलला तेच खोटं बोलला, आणि तेही माझ्यासाठी?

"तुम्ही होतात ना तिथे?" शोभाने मला विचारलं. "खरं सांगा, किती खाल्लं होतं यांनी?"

बबनने कपावरून माझ्याकडे पाहिलं आणि किंचित मान हलवली. नको.

"असेल," मी म्हणालो, "पाव किलो."

निघताना बबन फाटकापर्यंत सोडायला आला. मी त्याचा हात धरला. आजूबाजूला कुणी नव्हतं. म्हटलं, "बबन, त्या दिवशी मी—"

"पाव किलो काय सांगितलंत, भावोजी?" तो खालच्या आवाजात म्हणाला. जरा दुखावलेलाच दिसला. "दीड किलो होतं. आई चार दिवस जात्याला बसली होती. सांगायचं तर पूर्ण सांगा."

"चुकलं माझं," मी म्हणालो.

चौदा वर्षांत मी बबनची मागितलेली एवढी एकच माफी. आणि तीही वजनाबद्दल.